ओटीपी (घरगुती वापर)

एकदाच आणि थोड्याच वेळापुरता चालणारा आकडी पासवर्ड, बहुतेक ४ किंवा ६ अंकांचा, मोबाईलवर येतो. शब्द इतका रुळलाय की मराठी प्रतिशब्द कोणी शोधतही नाही. ही नोंद घरातले पैसे आणि कागदपत्रं सांभाळण्याच्या बाजूने आहे, उदाहरणं नागपूरची.

उगमाबद्दल एक घोळ नेहमी होतो, कारण ओटीपी या अक्षरांनी दोन गोष्टी ओळखल्या जातात, वन टाइम पॅड आणि वन टाइम पासवर्ड. पॅड म्हणजे एकदा वापरून फेकायची गुप्त लिपीची किल्ली, तिचं श्रेय बरीच वर्षं एटी अँड टी या अमेरिकन फोन कंपनीचे इंजिनिअर गिल्बर्ट व्हर्नाम (साधारण १९१७) आणि अमेरिकन लष्करातले जोसेफ मॉबोर्न यांना दिलं जायचं. पण २०११ मध्ये संगणक सुरक्षेचे अभ्यासक स्टीव्हन बेलोविन यांनी दाखवून दिलं की सॅक्रामेंटोचा बँकर फ्रँक मिलर याने १८८२ मध्येच, तारेने जाणारे निरोप लपवायला, एकदा वापरून खोडून टाकायच्या आकड्यांची पद्धत छापली होती. मॉबोर्नपर्यंत ती पोचली होती का यावर एकमत नाही, स्वतंत्रपणे सुचली असावी हेच जास्त पटतं. आपल्या बँकेच्या ओटीपीचा वंश मात्र बहुधा वेगळा, तो संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या १९८१ च्या लेखापासून धरावा: एक आकडा उलट न फिरणाऱ्या गणितातून हजार वेळा काढायचा आणि उत्तरं शेवटाकडून वापरत यायची, म्हणजे आजचं कोणी चोरलं तरी उद्याचं काढता येत नाही. पुढे मोजणीवर चालणारी (२००५) आणि घड्याळावर चालणारी (२०११) मानकं आली, फोनवरच ओटीपी तयार करणाऱ्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपमध्ये दर ३० सेकंदांनी आकडा बदलतो तो या दुसऱ्यामुळे. एसएमएसने येणारा ओटीपी सहसा बँकेकडच्या सर्व्हरवर तयार होतो आणि मग फोनपर्यंत प्रवास करतो, त्याची कमजोरी या प्रवासातच आहे.

भारतात तो घरोघरी पोचला रिझर्व्ह बँकेमुळे, कार्ड समोर नसताना होणाऱ्या व्यवहारांना १ ऑगस्ट २००९ पासून कार्डावर न छापलेल्या माहितीची दुसरी खात्री सक्तीची झाली.

"ओटीपी कोणालाच सांगू नका" हा सल्ला मात्र रोजच्या जगण्यात टिकत नाही. मनीष नगरच्या एखाद्या अपार्टमेंटमध्ये सिलिंडरवाला खालूनच ओरडतो, "काकू, आला का जी ओटीपी?" आणि काकू गॅलरीतून चारही आकडे मोठ्याने सांगतात, आणि ते बरोबरच आहे, तो कोड डिलिव्हरीवाल्याला सांगायसाठीच असतो, ऑटो-टॅक्सीचंही तसंच. दुपारी तोच आवाज ऐकल्यासारखा फोन येतो, "तुमचं वीज बिल अपडेट नाही, आज रात्री लाइन कटून राहिली, आलेला नंबर सांगा", आणि सवयीने तोंडातून आकडे निघून जातात. सामान पोचल्याची खूण आणि खात्यातून पैसे काढायची सही, दोघांना एकच नाव पडलं हे फार वाईट झालं. म्हणून आकडा नाही, त्याच्यासोबतचं वाक्य आधी वाचावं, त्यात बऱ्याचदा रक्कम आणि दुकानाचं नाव लिहिलेलं असतं. पैसे यायला ओटीपीही लागत नाही आणि यूपीआय पिनही नाही, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना शांतपणे, चार वेळा सांगावं, न रागावता.

न सांगताही ओटीपी जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका किंवा आरटीओ चालान म्हणून एपीके फाइल (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी) येते, ती टाकली आणि एसएमएस वाचायची परवानगी दिली की पुढचे सगळे मेसेज तिकडे जातात. पत्रिका कधी एपीके नसते, फोटो नाहीतर पीडीएफ असते. फोन सेटिंगमध्ये कोणत्या अ‍ॅपला एसएमएसची परवानगी आहे ते महिन्यातून एकदा बघावं. आधारची बायोमेट्रिक लॉक करून ठेवता येते, झेरॉक्सच्या जागी पहिले ८ अंक झाकलेलं मास्क्ड आधार बऱ्याच ठिकाणी चालतं.

पैसे गेले तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, पण त्याच्याही आधी बँकेला. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ओटीपी आपणच सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. चूक आपलीही नाही आणि बँकेचीही नाही अशा वेळी ३ कामाच्या दिवसांत कळवलं तर आपल्यावर काहीच येत नाही. तक्रारीचा नंबर आणि वेळ तिथल्या तिथे कागदावर लिहून घ्यावी.