आमच्या सलूनमध्ये मान का मोडत नाहीत?

दाढी-कटिंग झाली की बरेच जण मान सैल सोडतात आणि म्हणतात, "जरा कडाक् करून दे." आम्ही नाही म्हणतो, तेव्हा काहींना राग येतो. म्हणून कारण नीट सांगतो.

जबड्याच्या कोपऱ्याखाली, कंठमण्याच्या बाजूला बोट टेकवा. नाडी लागेल. तिथेच वर जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला दोन फाटे फुटतात, एक मेंदूकडे, एक चेहऱ्याकडे. फाट्याशी ती जराशी फुगीर असते आणि त्या भिंतीत मज्जातंतूंची टोकं असतात. रक्तदाब वाढला की भिंत ताणते आणि तंतू मेंदूला कळवतात. मेंदू हृदयाला सावकाश व्हायला लावतो, रक्तवाहिन्या सैल करतो, दाब उतरतो. खुर्चीतून उठताना नेमकं उलटं होतं, म्हणून एरवी आपल्याला घेरी येत नाही.

पण दाब आतून आला की बाहेरून बोटाने पडला, हे त्या टोकांना कळत नाही. काही वयस्कर माणसांत ती फार हळवी असतात. आमच्याकडे एकदा एका आजोबांच्या गळ्याला कापड घट्ट बांधलं गेलं. दाढीसाठी त्यांची मान वळवली आणि ते पांढरेफटक पडले, कपाळावर घाम. कापड सोडलं, खुर्ची मागे पाडली, पाय वर घेतले. मिनिटभरात ते बोलायला लागले. मग त्यांना डॉक्टरांकडे नेलं. चूक आमची होती. तेव्हापासून कापडात दोन बोटं जातील एवढी जागा सोडूनच गाठ मारतो.

त्याच फाट्यावर तांदळाच्या दाण्याएवढी एक गाठ असते. रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की ती मेंदूला कळवते आणि श्वास वाढतो. बेल्जियमच्या कॉर्नेय हेमन्स यांना या शोधासाठी १९३८ चं नोबेल मिळालं.

आता मान मोडण्याचं. श्वासाचा मुख्य स्नायू छातीच्या तळाशी, पण त्याला हलवणारा तंतू निघतो मानेतून, तिसऱ्या ते पाचव्या मज्जातंतूंच्या मुळांतून. जोराच्या झटक्याने तो दुखावू शकतो. मग त्या बाजूचा स्नायू हलत नाही, आडवं झालं की धाप लागते. मणक्यांतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघातही होऊ शकतो. हे क्वचित घडतं, पण आमच्या हातून एकदाही नको.

बीपीची गोळी चालू असेल, कॉलर घट्ट झाली किंवा मान वळवली की भोवळ येत असेल, तर बसतानाच सांगा. मालिश मनसोक्त करून देऊ: डोकं, खांदे, मानेची मागची बाजू. गळ्याच्या पुढच्या बाजूला मात्र हात दाबणार नाही.