मांजराची भीती मेंदूत कुठे राहते?

मांजर कधीच न पाहिलेला, प्रयोगशाळेत जन्मलेला उंदीरसुद्धा मांजराच्या मुताचा वास आला की तो कोपरा टाळतो. ही भीती त्याला कोणी शिकवलेली नसते. पण टोक्सोप्लाझ्मा गोंडी या एकपेशीय परजीवीची लागण झाली की ती ओसरते, आणि काही उंदीर तर त्या वासाकडेच ओढले जातात. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2000 साली हे दाखवून दिलं. यात परजीवीचा स्वार्थ उघड आहे. त्याचं लैंगिक प्रजनन फक्त मार्जारकुळातल्या प्राण्यांच्या आतड्यात होतं, त्यामुळे उंदीर मांजराच्या तोंडी गेला तर त्याचं फावतं.

मेंदूत मात्र नेमकं काय बदलतं? या प्रश्नाचा माग काढणाऱ्यांत मेंदूशास्त्रज्ञ अजय व्यास यांचं नाव महत्त्वाचं आहे, आणि मला त्यांची वाट विशेष वाटते, कारण ती परजीवीपासून सुरूच झाली नाही. बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन केंद्रात सुमंत्र चटर्जी यांच्या प्रयोगशाळेत ते ताणाचा अभ्यास करत होते. उंदरांना रोज दोन तास, असं दहा दिवस हालचाल करता येणार नाही असं जखडून ठेवायचं आणि मग त्यांच्या मेंदूतल्या पेशींच्या फांद्या मोजायच्या. चांदीच्या क्षारांनी रंगवलं की हजारो पेशींमधल्या मोजक्याच काळ्या होतात, पण त्या पार टोकापर्यंत दिसतात. हे काम फार चिकाटीचं असतं. स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पसमध्ये फांद्या आखडलेल्या दिसल्या. ते आधीही माहीत होतं. पण भीतीचं केंद्र असलेल्या, बदामावरून नाव पडलेल्या अमिग्डालात त्या उलट वाढलेल्या होत्या! एकाच ताणाने मेंदूचा एक भाग झडतो आणि दुसरा फोफावतो. 2002 साली छापलेल्या या शोधनिबंधाचा आधार पुढे हजाराहून अधिक शोधनिबंधांनी घेतला.

मग ते स्टॅनफर्डला रॉबर्ट सपोल्स्की यांच्याकडे गेले. ताणाच्या जीवशास्त्रातलं हे मोठं नाव. तिथे परजीवीतज्ज्ञ जॉन बूथ्रॉइड यांची साथ मिळाली. 2007 च्या त्यांच्या शोधनिबंधातली खुबी प्रयोगाच्या मांडणीत आहे. भीती गेली म्हणजे नाकच बिघडलं असेल का? की उंदीर एकूणच बेफिकीर झाला? की शिकण्याची शक्ती गेली? एकेक शंका घेऊन त्यांनी तपासली. वास घेणं शाबूत, शिकणं शाबूत, शिकून आलेली भीतीही शाबूत. गेली ती फक्त मांजराच्या वासाची भीती. परजीवी ज्यांत दडून राहतो त्या गाठीही अमिग्डालात इतर भागांपेक्षा जास्त सापडल्या.

पुढे सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठात स्वतःच्या गटासह त्यांनी या साखळीची एकेक कडी शोधली. लागण झालेल्या नरांच्या वृषणांत टेस्टोस्टेरॉन जास्त बनतं. लागणीआधीच वृषणं काढली, तर भीती जात नाही. अमिग्डालाच्या मधल्या भागात व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाच्या जनुकावरचे, त्याला दाबून ठेवणारे रासायनिक टाके सैल होतात, आणि ते पुन्हा घट्ट केले की उंदीर परत घाबरू लागतो. 2014 चा हा निष्कर्ष वाचताना मी थक्क झालो. स्वभाव म्हणून जे आपण गृहीत धरतो, ते इतकं उलटसुलट करता येतं!

अशा कामाचं वजन हल्ली एच-इंडेक्सने मापतात. भौतिकशास्त्रज्ञ होर्गे हिर्श यांनी 2005 साली तो सुचवला. एखाद्याच्या 40 शोधनिबंधांचा प्रत्येकी किमान 40 वेळा संदर्भ दिला गेला असेल, तर त्याचा निर्देशांक 40. हिशोब सोपा आहे, पण ताणाच्या अभ्यासात घासलेली नजर परजीवीकडे वळली तेव्हा काय गवसलं, हे त्या आकड्यात कुठेच उमटत नाही. शिवाय विरोधासाठी दिलेला संदर्भही त्यात इतर संदर्भांइतकाच मोजला जातो. जिनिव्हाच्या संशोधकांनी 2020 साली दाखवलं की लागण झालेले माउस प्रजातीचे छोटे उंदीर कोल्ह्याच्या वासालाही घाबरत नाहीत. भीती फक्त मांजराचीच जाते, या 2007 च्या निष्कर्षालाच हे आव्हान होतं. त्यांच्या मते मेंदूतल्या गाठींची संख्या आणि त्यांनी पेटवलेला दाह जितका जास्त, तितका हा बदल ठळक. उंदरांची जात, परजीवीचा वाण आणि लागणीला उलटलेले दिवस यांवरही बरंच अवलंबून असतं, त्यामुळे दोन्ही गटांची निरीक्षणं आपापल्या जागी खरी असू शकतात. म्हणूनच आता एकेका गाठीचा ठावठिकाणा, आजूबाजूच्या पेशींचा दाह आणि त्याच उंदराची वागणूक हे तिन्ही सोबत मोजावं लागतंय.