बोगद्याखालून बोगदा

बोगद्याखालून बोगदा : वापरात असलेल्या भुयारी मार्गाखालून नवा बोगदा नेताना मधली माती स्थिर ठेवण्याचे तंत्र. मेट्रोचे जाळे दाट झाले की ही वेळ येतेच. दिल्लीत यलो लाइन आधीच धावत होती. म्हणून मॅजेन्टा लाइनचे हौज खास स्थानक (२०१८) सुमारे २९ मीटर खोल न्यावे लागले.

वरचा बोगदा स्वतःच्या वजनाने खाली येईल, अशी भीती सहसा चुकीची असते. तो पोकळ असतो; त्याच्या जागी पूर्वी असलेल्या मातीपेक्षा बहुधा हलकाच भरतो. खरा धोका खालून जास्तीची माती निघून जाण्याचा. ६.५ मीटर व्यासाच्या खोदाईत केवळ एक टक्का माती जादा निघाली, तरी दर मीटरला सुमारे ३३० लिटरची तूट पडते. रस्त्यापर्यंत पोचेतो ही तूट रुंद, उथळ खळग्यात विरते. खोदाईच्या जवळ मात्र खळगा अरुंद आणि खोल असतो. त्यामुळे रस्त्यावर सारे आलबेल दिसत असताना वरच्या बोगद्यातले रूळ पातळी सोडू शकतात. बोगदा सरसकट थोडा खचला तर फार बिघडत नाही. थोड्याच लांबीत तो वाकला की अस्तराचे, म्हणजे बोगद्याला आतून आधार देणाऱ्या कवचाचे, सांधे उघडतात आणि पाणी झिरपू लागते.

म्हणून पहिला इलाज खोदाई यंत्रातच असतो. यंत्राच्या तोंडाशी माती व पाण्याला तोलणारा दाब राखतात. तो कमी पडला तर माती आत ढासळते, अती झाला तर वरचा बोगदा उचलला जातो. यंत्राचे कवच पुढे सरकले की अस्तराच्या कड्याभोवती फट उरते. ती लगेच ग्राउटने, म्हणजे नंतर घट्ट होणाऱ्या पातळ गिलाव्याने, भरतात. ही युक्ती जुनी आहे : लंडनच्या सिटी अँड साउथ लंडन रेल्वेवर (१८९०) जेम्स ग्रेटहेड यांनी हवेच्या दाबाने या फटीत चुन्याचा ग्राउट भरला होता.

एवढ्याने भागत नसेल तर दोन बोगद्यांमधल्या मातीत आधीच छिद्रांच्या नळ्या घालून ठेवतात आणि खचण्याच्या प्रमाणात ग्राउट सोडतात. लंडनच्या जुबिली लाइनच्या विस्तारात, १९९० च्या दशकात, वेस्टमिन्स्टरचा घड्याळाचा मनोरा याच रीतीने सांभाळला. मात्र हा दाब खालच्या नव्या अस्तरावरही येतो, त्यामुळे यंत्राच्या अगदी डोक्यावर ग्राउट सोडणे टाळतात.

पाणथळ वाळूत माती गोठवतात, पण तोही रामबाण उपाय नव्हे. जर्मनीत राश्टाट इथे वर बोगदा नव्हे, चालू लोहमार्ग होता. १२ ऑगस्ट २०१७ रोजी गोठवलेल्या जमिनीतली खोदाई सुरू असताना रूळ खचले. मार्ग २ ऑक्टोबरपर्यंत बंद राहिला आणि यंत्र काँक्रीटमध्ये गाडावे लागले.

खोदाईच्या काळात वरच्या बोगद्यात आपोआप मोजणारी उपकरणे लावतात, गाड्यांचा वेग उतरवतात आणि इशाऱ्याची पातळी ओलांडली की काम थांबवतात. चिकणमातीत खचणे पुढे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालू राहते. त्यामुळे यंत्र निघून गेले तरी ही उपकरणे लगेच काढत नाहीत.