सेंट याकोबी चर्चमधील ऑर्गन, हॅम्बुर्ग

उत्तर जर्मनीतील हॅम्बुर्ग शहराच्या पाच मुख्य प्रॉटेस्टंट चर्चपैकी सेंट याकोबी या चर्चमधील नळ्यांचा ऑर्गन. वाद्यकार आर्प श्नित्गर (१६४८–१७१९) याने तो १६८९ ते १६९३ या काळात उभारला. हाताने वाजवायचे चार स्वरपट्ट, एक पायपट्ट, ६० रजिस्टरे (एकाच जातीच्या नळ्यांचे संच) आणि सुमारे ४,००० नळ्या असा त्याचा विस्तार आहे. मराठी संगीत नाटकांच्या साथीला असे तो ऑर्गन वेगळा. त्यात नळ्या नसतात. पायाने चालवलेल्या भात्याच्या हवेने धातूच्या पत्त्या वाजतात.

याकोबी चर्चचा पहिला उल्लेख १२५५ मधील असून सध्याची गॉथिक वास्तू त्यानंतरच्या दोन शतकांत आकाराला आली. ऑर्गनचा सलग इतिहास मात्र सोळाव्या शतकापासूनच मांडता येतो. १५१२ ते १५१६ च्या सुमारास याकोप इव्हरझांट आणि हार्मेन श्ट्यूव्हेन यांनी येथे मोठा ऑर्गन बांधला. त्याच शतकाच्या उत्तरार्धात शेरर घराण्यातील वाद्यकारांनी तो वाढवला आणि १६३५ च्या सुमारास गोटफ्रीड फ्रिट्झशे याने त्यात भर घातली. १६५५ ते १६७४ या काळात येथे ऑर्गनवादक असलेला संगीतकार माटियास वेकमान याच्या हाताखाली होते ते हेच वाढत गेलेले वाद्य.

श्नित्गरने हे वाद्य मोडीत काढले नाही. जुन्या रजिस्टरांतील पुष्कळ नळ्या त्याने नव्या योजनेत बसवल्या. त्यामुळे आजची कोणती नळी कोणाच्या हातची, हा अभ्यासकांचा लांबलेला वाद आहे. निर्णयासाठी प्रामुख्याने तीन गोष्टी पाहतात : नळीवर कोरलेली स्वरनामे व त्यांचे हस्ताक्षर, तोंडाची कापणी, आणि कथील व शिसे यांचे मिश्रण. जुन्या नळ्यांत साधारणतः शिशाचे प्रमाण अधिक आढळते. परंतु श्नित्गरही आतल्या नळ्यांसाठी शिसेप्रधान धातू वापरत असल्याने एवढ्यावर निवाडा होत नाही. शिवाय शेरर घराण्याच्या दोन-तीन पिढ्यांचे काम एकमेकांपासून सोडवणे अवघड आहे. म्हणून व्यक्तीचे नाव न लावता ‘श्नित्गरपूर्व’ एवढेच म्हणणे अधिक सुरक्षित ठरते. ‘श्नित्गर ऑर्गन’ हे रूढ नाव वाद्याच्या एकंदर रचनेला लागू आहे, प्रत्येक नळीला नव्हे.

याआधी श्नित्गरने याच शहरातील सेंट निकोलाई चर्चसाठी ६७ रजिस्टरांचा ऑर्गन १६८७ मध्ये पूर्ण केला होता. तो १८४२ च्या आगीत नष्ट झाला. याकोबी चर्च त्या आगीतून वाचले आणि श्नित्गरच्या हॅम्बुर्गमधील मोठ्या कामाची साक्ष या एका वाद्यावर येऊन राहिली. रचनेत पायपट्टाला मोठे स्थान आहे. त्याची १४ रजिस्टरे स्वतंत्र असून त्यांत ३२ फुटी प्रिन्सिपाल (उघड्या नळ्यांचे मुख्य रजिस्टर) व ३२ फुटी पोझाउने (धातूच्या पत्तीने वाजणाऱ्या नळ्यांचे रजिस्टर) ही दोन्ही आहेत. प्रिन्सिपालसारख्या उघड्या नळ्यांच्या रजिस्टरात ३२ फूट हे सर्वांत खालचा स्वर देणाऱ्या नळीचे स्थूल माप, म्हणजे जवळजवळ पावणेदहा मीटर. उरलेली ४६ रजिस्टरे चार स्वरपट्टांत विभागलेली आहेत. त्यांपैकी एका पट्टाच्या नळ्या वादकाच्या पाठीमागे, सज्जाच्या कठड्यावर, स्वतंत्र पेटीत असतात.

या वाद्याशी जर्मन संगीतकार योहान झेबास्टिआन बाख याचे नाव जोडले जाते ते १७२० मधील प्रसंगामुळे. त्या वर्षी येथील ऑर्गनवादक हाइन्रिख फ्रेझे मरण पावला आणि रिक्त पदाच्या उमेदवारांत बाखचे नाव होते. २८ नोव्हेंबरच्या परीक्षावादनाला तो थांबला नाही. तो कोटेन या जर्मन संस्थानात दरबारी संगीतकार होता आणि त्याला तेथे आपल्या राजाकडे परतायचे होते. १९ डिसेंबरला योहान योआखिम हाइटमान याची निवड झाली व त्याने चर्चला ४,००० मार्क दिले. बाखने पैसे देण्याचे नाकारले म्हणून पद गेले, ही कथा लोकप्रिय आहे. तिचा आधार म्हणजे हॅम्बुर्गचा संगीतकार व संगीतलेखक योहान माटेझोन याने १७२८ मध्ये केलेले उपरोधिक लिखाण. त्यात बाखचे नाव नाही, पण रोख स्पष्ट आहे. एखादा देवदूत बेथलेहेमहून येऊन दिव्य वाजवू लागला तरी पैशाविना त्याला परत उडून जावे लागेल, असे येथील धर्मोपदेशक एर्टमान नॉयमाइस्टर नाताळच्या प्रवचनात म्हणाल्याचे माटेझोनच सांगतो. चर्चच्या नोंदींत मात्र पद विकायचे नाही, निवडलेल्याने स्वखुशीने काही दिल्यास घ्यावे, अशी सावध भाषा आहे. बाखचे पत्र निवडीच्या दिवशी वाचले गेले, पण त्यातील मजकूर नोंदवलेला नाही. त्याने आधीच माघार घेतली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पैशाची अट हे त्यामागचे एक कारण असू शकेल.

पुढील दोन शतकांत काही रजिस्टरे बदलली गेली. १९१७ मध्ये दर्शनी भागातील कथलाच्या नळ्या युद्धसामग्रीसाठी काढून नेण्यात आल्या. १९१९ च्या सुमारास लेखक व ऑर्गनतज्ज्ञ हान्स हेनी यान याने या दुर्लक्षित वाद्याचे महत्त्व ओळखले. १९२५ मध्ये हॅम्बुर्ग व ल्यूबेक येथे ऑर्गन परिषद भरली आणि बरोक (सतराव्या-अठराव्या शतकांतील) ऑर्गनांकडे परतू पाहणाऱ्या जर्मन चळवळीला याकोबीचे वाद्य आदर्शवत झाले. १९४२ मध्ये नळ्या व वायुपेट्या (नळ्यांना हवा पुरवणाऱ्या पेट्या) उतरवून सुरक्षित जागी ठेवल्या. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात चर्च जळाले. वाद्याचा लाकडी सांगाडाही गेला. युद्धानंतर नळ्या परत बसल्या तरी समाधानकारक जीर्णोद्धार वाद्यकार युर्गन आरेंट याने १९८९ ते १९९३ या काळात केला. सांगाडा तेव्हा नव्याने, जुन्या रूपाबरहुकूम घडवण्यात आला.

आरेंटने स्वरमेळ आजच्या समान अंतराच्या पद्धतीने न ठेवता मध्यस्वरमेळाच्या एका सुधारित प्रकाराने लावला. हार्मोनियमचा गांधार गायकाच्या कानाला चढा लागतो तो समान अंतरामुळे. मध्यस्वरमेळात नेहमीच्या स्वरसमूहांतले गांधार जवळजवळ शुद्ध मिळतात आणि दूरचे स्वरसमूह त्या प्रमाणात खरखरीत होतात. वाद्याची पट्टीही आजच्यापेक्षा साधारण एका पूर्ण स्वराने उंच, म्हणजे आज ४४० हर्ट्‌झला लावला जाणारा ‘ए’ हा स्वर येथे ४९५ हर्ट्‌झच्या आसपास आहे. स्वरपट्टांच्या सर्वांत खालच्या सप्तकात काही कोमल-तीव्र स्वरांच्या पट्ट्या मुळातच नाहीत. त्यामुळे वेकमान व त्याच्या परंपरेतील रचना येथे सहज बसतात, बाखच्या काही रचनांना मुरड घालावी लागते आणि एकोणिसाव्या शतकातले संगीत बहुतेक बाहेरच राहते. त्यासाठी चर्चमध्ये वाद्यकार केंपर यांचा दुसरा, अर्वाचीन ऑर्गन आहे.