शरीरातली चरबी आणि स्त्रीची प्रजननक्षमता

पाळी नियमित येणं, बीजांड वेळेवर बाहेर पडणं आणि दिवस राहणं या तिन्ही गोष्टींचा अंगातल्या चरबीशी संबंध आहे. चरबी फार कमी झाली तरी पाळी बिघडते आणि फार वाढली तरी बिघडते. यातलं इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचं गणित सोपं आहे: चरबीच्या पेशींत अ‍ॅरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं, ते अँड्रोजेनचं (टेस्टोस्टेरॉनसारख्या हार्मोनांचं) इस्ट्रोजेन करतं, आणि रजोनिवृत्तीनंतर अंगात उरणारं इस्ट्रोजेन मुख्यतः याच वाटेनं येतं.

वाद आहे तो किमान किती चरबी लागते यावर. १९७० मध्ये रोझ फ्रिश आणि रॉजर रेव्हेल या संशोधकांनी मांडलं की वजन साधारण ४७ किलोच्या आसपास पोचलं की पहिली पाळी येते. १९७४ मध्ये फ्रिश आणि जॅनेट मॅकआर्थर यांनी वजनाच्या जागी चरबी आणली, म्हणजे पहिल्या पाळीला अंदाजे १७ टक्के आणि पुढे पाळी टिकायला अंदाजे २२ टक्के. हे आकडे अजून जिममध्ये आणि डाएटच्या सल्ल्यांत फिरतात, पण ती चरबी प्रत्यक्ष मोजलेली नव्हती, उंची आणि वजनावरून सूत्रानं काढलेली होती, हे फार कमी जण सांगतात. शिवाय २२ टक्क्यांच्या खाली असूनही नियमित पाळी येणाऱ्या खेळाडू आहेत, आणि बॅले करणाऱ्या मुलींमध्ये असं दिसलंय की दुखापतीमुळे सराव थांबला की वजन फारसं न बदलताच पाळी परत येते.

म्हणून साठा किती यापेक्षा रोजची ऊर्जा पुरते का, हे मत जास्त पटणारं वाटतं. अ‍ॅन लाउक्स या संशोधिकेच्या प्रयोगात, जो २००३ मध्ये छापून आला, नियमित पाळी येणाऱ्या तरुणींना पाच दिवस मोजूनमापून जेवण आणि व्यायाम दिला आणि मग चोवीस तास दर दहा मिनिटांनी रक्त घेतलं. व्यायामाचा खर्च वजा जाता चरबीविरहित वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ३० किलोकॅलरीपेक्षा कमी उरल्या तेव्हा एलएचचे, म्हणजे बीजांड बाहेर पाडणाऱ्या मेंदूतल्या ग्रंथीच्या हार्मोनचे, ठोके विरळ झाले. पाच दिवसांत चरबी कितीशी उतरणार!

लेप्टिन या हार्मोनमुळे दोन्ही मतं बरीच जुळतात. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत सापडलेलं हे हार्मोन चरबीच्या पेशींत बनतं आणि मेंदूला साठ्याची खबर देतं, पण उपास घडला की चरबी उतरायच्या कितीतरी आधीच ते खाली येतं. लेप्टिन न बनणारी उंदरीण गोल गरगरीत असूनही वांझ असते आणि लेप्टिनची इंजेक्शनं दिली की तिला पिल्लं होतात, म्हणजे चरबी भरपूर असूनही निरोप पोचला नाही तर काम होत नाही. जीएनआरएच (एलएच सोडायला लावणारं मेंदूतलं हार्मोन) सोडणाऱ्या पेशींवर लेप्टिनचा रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणारी जागा, जवळपास सापडत नाही, त्यामुळे निरोप मधल्या पेशींमार्फत जातो असं मानतात, त्यात किसपेप्टिन हे मेंदूतलं निरोप्या प्रथिन सोडणाऱ्या पेशींचं नाव पुढे असतं.

चरबी जास्त असली की वाट वेगळी. इन्सुलिन वाढतं, त्यामुळे लिव्हर एसएचबीजी (टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन) कमी बनवतं, मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं, ओव्हरीसुद्धा जास्त अँड्रोजेन काढते आणि ओव्ह्युलेशन, म्हणजे बीजांड बाहेर पडणं, अडतं. पीसीओएसमध्ये (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, अँड्रोजेन वाढून पाळी बिघडण्याचा विकार) हेच चक्र दिसतं, पण पीसीओएस सडपातळ बायकांनाही होतो, त्यामुळे सगळं खापर वजनावर फोडणं चूक आहे आणि त्या बाईवर अन्यायही. वजन जास्त असलेल्या अनेकींना ५ ते १० टक्के उतरवलं तरी ओव्ह्युलेशन परत सुरू होतं.

बीएमआयवरून, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाच्या आकड्यावरून, चरबी आणि स्नायू वेगळे कळत नाहीत, त्यामुळे एकटीच्या बाबतीत तो आकडा जपूनच वापरावा. कमी खाण्यामुळे थांबलेली पाळी दुर्लक्ष करण्यासारखी नसते, इस्ट्रोजेन घटून हाडं ठिसूळ होतात. आणि पाळी परत येताना बीजांड आधी बाहेर पडतं, रक्तस्राव नंतर, त्यामुळे पाळी दिसण्याआधीच दिवस राहू शकतात.