कॅमेऱ्याच्या रिमोटला रिले लावावा की ऑप्टोकपलर?

घरी झिरो बोर्डावर (सुटे भाग डाखायच्या भोकांच्या पट्टीवर) कॅमेऱ्याचा रिमोट जुळवायला बसलं की या दोघांत घोटाळा होतोच. दोघंही एका सर्किटच्या इशाऱ्यावर दुसऱ्याचं बटण दाबतात. त्यात तयार रिले बोर्डावर बहुधा एक चार पायांचा ऑप्टोकपलरही बसवलेला असतो, म्हणून दोन्ही एकच वाटतात.

रिले हा विहिरीवरच्या स्टार्टरचा धाकटा भाऊ. कॉइलला करंट मिळाला की पट्टी ओढली जाते, खट् आवाज होतो आणि आतले दोन संपर्क खरोखर जुळतात. ऑप्टोकपलरमध्ये काहीच हलत नाही. रात्रीच्या लाइटवर पाणी देताना मोटारीपाशी उभा असलेला माणूस बॅटरी चमकवतो आणि लांब वाफ्यात दारं धरणारा काय ते समजतो, तसंच हे. आत एका बाजूला एलईडी, समोर उजेड ओळखणारा ट्रान्झिस्टर, मधे तारेचा संबंधच नाही.

कॅननच्या छोट्या डीएसएलआरना 2.5 मिमीचा जॅक लागतो. टोक शटरचं, मधली कडी फोकसची, बूड ग्राउंडचं, म्हणजे सामाईक तारेचं. टोक बुडाला जोडलं की फोटो निघतो. या तारांवर जेमतेम काही व्होल्ट असतात, म्हणून रिलेची ताकद इथं वायाच जाते.

आणि ती ताकद बॅटरी खाते. बालाघाटाच्या डोंगरात ताऱ्यांच्या रेषा टिपायच्या तर शटर तासन्‌तास दाबून ठेवावं लागतं. 5 व्होल्टचा नेहमीचा निळा रिले साधारण 70 मिलिअँपिअर ओढतो. शटर आणि फोकसचे दोन धरले तर चार तासांत 560 मिलिअँपिअर-तास संपले. पीसी817 या नेहमीच्या ऑप्टोकपलरला 330 ओहमच्या रेझिस्टरमधून 11-12 मिलिअँपिअर पुरतात, तेही आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या पिनेतून थेट. रिलेला मात्र मधे ट्रान्झिस्टर आणि कॉइलवर उलटा डायोड हवाच. नाहीतर कॉइल बंद होतानाचा झटका ट्रान्झिस्टर जाळतो. शिवाय जायकवाडीच्या पाणथळीत पक्ष्यांसमोर दर फोटोला खट् खट् मला तरी सहन होत नाही.

रिले संथ म्हणून आकाशातली वीज टिपता येत नाही, हे ऐकलेलं अर्धंच खरं. तो 10 मिलिसेकंदांपर्यंत घेतो, ऑप्टोकपलर काही मायक्रोसेकंद; पण कॅमेरा स्वतःच बहुधा 50 मिलिसेकंदांच्या वर घेतो. तिथं फोकसची तार आधीपासून ग्राउंडला धरून ठेवण्याचा फायदा जास्त. आणि हे फोटो पक्क्या घरातूनच काढा, झाडाखालून कधीच नाही. मृगाच्या आगेमागे आपल्याकडे विजेनं माणसं जातात.

रिलेची एक गोष्ट मात्र मानतो: त्याच्या संपर्कांना उलटसुलट नसतं. ऑप्टोकपलरमधल्या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर हा पाय कॅमेऱ्याच्या तारेला आणि एमिटर हा पाय ग्राउंडलाच जायला हवा. मी पहिल्यांदा ते उलटं जोडलं आणि अख्खी संध्याकाळ सोल्डरचे टाके तपासण्यात घालवली.

जुना फ्लॅश उडवायचा असेल तर आधी मल्टिमीटर लावा. काहींच्या टोकांवर 200 व्होल्टच्याही वर असतात आणि पीसी817 प्रकारानुसार 35 ते 80 व्होल्टच सोसतो.