कौलं कुणी शेकारायची?

मे सरत आला की कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या, मंगळवार पेठेतल्या जुन्या वाड्यांत कौलं शेकारायची, म्हणजे उतरवून पुन्हा नीट बसवायची, गडबड सुरू होते आणि दरवर्षीचा प्रश्न निघतो: खर्च मालकाचा की भाडेकरूचा? दोघंही आपल्या जागी प्रामाणिक असतात. या वादाची मुळं त्यांच्या स्वभावात कमी आणि भाड्याच्या इतिहासात जास्त आहेत.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात साधी वाटणी होती. भाडेकरूनं घर घेतलं तसं परत द्यायचं. वापरानं होणारी झीज आणि माणसाचा इलाज चालत नाही अशी आपत्ती यांचा भार मात्र त्याच्यावर नाही. मालकानं आपली दुरुस्ती टाळली, तर भाडेकरूनं ती करून भाड्यातून वळती करायची.

युद्धानंतरच्या घरटंचाईत १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, आणि पुढे इथली भाडीही याच कायद्याखाली आली. प्रमाण भाडं, म्हणजे कायद्यानं घालून दिलेली भाड्याची मर्यादा, १९४० च्या पातळीला बांधलेलं होतं. त्यामुळे रस्त्यावर येण्याची वेळ असंख्य कुटुंबांवर आली नाही, हे त्या कायद्याचं मोठं देणं. पण विटा, लाकूड, गवंड्याची मजुरी वाढत गेली आणि भाडं तिथंच राहिलं. वर्षभराच्या भाड्यात छपराची एक उतरती बाजूही शेकारून होईना, तेव्हा मालकानं वाड्याकडे पाठ फिरवली. भाडेकरूही स्वतः हात लावायला कचरायचा, कारण परवानगीशिवाय पक्कं बांधकाम केलं म्हणून जागा खाली करायचा दावा लागू शकत होता. दोघांच्या मध्ये भिंत ओल धरत राहिली. अखेर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी अवाजवी ठरवल्या.

३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात भाडं दरवर्षी ४ टक्के वाढवता येतं. त्यातलं कलम १४ प्रत्येक जुन्या भाडेकरूनं वाचायला हवं. वेगळा करार नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्यानं वाजवी वेळेत काही केलं नाही, तर भाडेकरूनं दुरुस्ती करून खर्च वळता करावा, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. भाडं शेकड्यांत असेल तर हा हक्क नळाच्या तोटीपुरताच उरतो. स्वयंपाकाचा ओटा, लाकडी पार्टिशन, हवेसाठी खिडकी यांना मात्र हा कायदा पक्कं बांधकाम मानत नाही. पूर्वीची धास्ती तेवढी कमी झाली.

२०१९ च्या महापुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी आहे ४३ फूट. २०२१ मध्ये पुन्हा तेच. मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या. १८८२ च्या कायद्यात पुराचा उल्लेख नावानिशी आहे: घर राहण्यालायक उरलं नाही तर भाडेकरूला भाडेपट्टा सोडता येतो. पण जुन्या भाड्याची जागा सोडली तर तेवढ्या पैशांत दुसरी मिळणार कुठं? म्हणून माणसं ओल्या घरातच परतली.

नव्या फ्लॅटमध्ये चित्र वेगळं आहे. तिथं ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार असतो, म्हणजे भाडेपट्टा नव्हे, मुदतीपुरती राहायची परवानगी. आणि कलम १४ चा आधार भाडेकरूला आहे, अशा परवानगीनं राहणाऱ्या लायसन्सीला नाही. त्याच्या हाती फक्त करार. त्यात बहुतेक वेळा एकच ओळ असते: ‘किरकोळ दुरुस्ती लायसन्सीनं करावी.’ किरकोळ म्हणजे काय, हे कुणी लिहीत नाही. बाथरूममधून खालच्या मजल्यावर गळती लागली की त्या शब्दावर भांडण होतं. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात ही यादी दिलेली आहे: रंगरंगोटी, पाण्याचे पाईप, वायरिंग मालकाकडे, नळ, बटणं, कुलपं, खिडकीची काच, गटार साफ करणं भाडेकरूकडे. तो नमुना आहे, राज्यानं स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. पण करार नोंदवताना ही यादी त्यात उतरवून घ्यायला कुणाची हरकत नाही.